प्रेसखालचा कोबा

कारखान्यातल्या जुन्या प्रेसखालचा काळाकुट्ट कोबा आम्ही घासत होतो. ॲसिड ओतलं की तो फसफसायचा, डाग जरा फिका व्हायचा आणि वाळला की तेल पुन्हा वर यायचं. कोबा दिसतो दगडासारखा, पण आत सगळं पीत असतो. आम्ही तरी काय वेगळं करत होतो? "प्रेस गळतेय, दुरुस्त करा," असं शेठना किती वेळा सांगितलं आणि दर वेळी राग गिळून कामाला लागलो. शेवटी त्याच तेलावरून आमच्याबरोबर काम करणाऱ्या सुमनताई घसरल्या. खुब्याचं हाड मोडून घरी बसल्या. प्रेस गळतच राहिली. आता बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येणार, म्हणून कोब्याला हिरवा रंग!

शेठ दारातूनच म्हणाले, "वा! कसं चकाचक दिसतंय!"

"आणि गळती?" मी विचारलं.

"ती नंतर बघू. आधी रंग उरका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला रंगाचा रोलर टाकून मी प्रेसचा मेन स्विच पाडला. "गळती थांबेपर्यंत ही सुरू होणार नाही."

शेठ ओरडायला लागले. शेजारच्या शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलं मशीन बंद केलं. मग पलीकडचं थांबलं, त्याच्या पलीकडचंही. शेडमध्ये शेठचा आवाज एकटा पडला.