मऊ लोखंडाची पिन

गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा भंगारवाल्याचा माणूस गॅस कटर पेटवून तिच्या क्रेनच्या दांड्यापाशी उभा होता. बारामतीच्या एमआयडीसीमागचं आवार होतं ते. मी तिथं ट्रॉलीसाठी जुना एक्सल शोधायला गेलो होतो. लष्करातून लिलावात निघालेली ती गाडी चिखलात रुतलेले ट्रक बाहेर ओढायची. सहाही चाकांना ताकद, मागं क्रेन, पोटाखाली तारेचा दोर गुंडाळणारी विंच. हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि बॉनेटमधून घाणेरीचं झुडूप वर आलं होतं.

"थांब जरा," मी त्या माणसाला म्हणालो. त्यानं ज्योत बारीक केली, पण विझवली नाही. मालकाशी माझा सौदा ठरेपर्यंत ती तशीच फुरफुरत होती.

सणसरच्या अलीकडं रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पंपाची इंजिनं, हेच काम. हंगामात उसाची वाहनं रोज कुठंतरी रुततात, कलंडतात. लोक मग चार ट्रॅक्टर जोडून ओढतात. साखळी तुटते, कुणाचा हात जातो. असं ओढताना माझ्या डोळ्यांसमोर एकाचा जबडा फुटला होता. म्हणून मला ती गाडी हवी होती. हौस नव्हती असं मात्र म्हणणार नाही.

गाडी अंगणात आली तेव्हा बायकोनं तिच्याभोवती एक फेरी मारली, वायरिंगचं झाकण उघडलं आणि पटकन बंद केलं. आत उंदरांची घरटी होती. "ह्यातली एक तार धड न्हाय," ती म्हणाली. तिच्या माहेरी मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, तारांचं भय तिला नाही. सगळी गाडी तिनंच नव्यानं जोडली. इंजिन मात्र गोठलेलंच होतं. त्या जागी मी अलीकडच्या ट्रकचं इंजिन बसवलं, ब्रेक हवेचे केले, टायर बदलले.

वाद झाला तो विंचवरून. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, फौजेत असल्याच गाडीवर होते. मला जुनी विंच काढून नवी हायड्रॉलिक टाकायची होती. तात्या खुर्ची टाकून गाडीपाशी बसले आणि म्हणाले, "इंजिन बदल, ब्रेक बदल, मी काय बोललो न्हाय. पण ही विंच हाय तशी राहू दे."

तिचा पितळी गिअर झिजला होता. बारामतीच्या लेथवाल्याकडून दोनदा करून घेतला तेव्हा कुठं बसला. विंचला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या दांड्यात एक मऊ लोखंडाची पिन असते. जोर बेतापेक्षा वाढला की आधी ती पिन तुटते. मी म्हटलं, इथं पक्क्या पोलादाचा बोल्ट घालू. तात्यांनी बोल्ट माझ्या हातातून घेतला आणि हत्यारांच्या पेटीत टाकला. "पिन तुटती म्हणून दोर वाचतो. दोर तुटला तर माणूस मरतो," एवढंच म्हणाले.

पहिली चाचणी आम्ही कऱ्हाटीकडच्या माळावर घेतली. एका मोठ्या धोंड्याला दोर लावला. दोर जुनाच होता, आतून गंजलेला, आणि त्याची तार आम्ही नीट तपासली नव्हती. ताण आला आणि तो तुटला. आवाज बंदुकीसारखा झाला. टोक परत आलं ते आम्हाला दिसलंच नाही, फक्त शेजारच्या बाभळीची मनगटाएवढी फांदी खाली पडली. बायको त्या बाभळीपासून फार लांब नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा दोर आला. त्यानंतर ती ओली गोणपाटं घेतल्याशिवाय गाडीत बसेना. ताणलेल्या दोरावर ओलं गोणपाट टाकलं की तुटला तरी तो उसळत नाही.

त्या वर्षी कारखान्याचं गाळप ऐन भरात असताना एका दुपारी फोन आला. कॅनॉलच्या चारीत उसाचा ट्रॅक्टर पडलाय, ड्रायव्हर खाली हाय, पाणी चालू हाय.

आम्ही तिघं निघालो. चारीकडेच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, वाट बंद. मागच्या बाजूनं जायचं तर मध्ये कालच भिजवलेलं रान. काळी माती. जेसीबीवाला बांधावरच थांबला होता. "आत गेलो तर मलाच काढावं लागंल," तो म्हणाला. मी सहाही चाकं जोडली आणि गाडी आत घातली. ती डगमगत, कण्हत, पण न थांबता चारीच्या मागच्या काठाला जाऊन पोचली.

ट्रॅक्टर कुशीवर पडला होता. खालच्या मडगार्डनं ड्रायव्हरचा पाय चिखलात दाबून धरलेला. पन्नाशीचा माणूस, पाणी छातीपर्यंत. एक ट्रॉली उलटून तिचा ऊस चारीत पडला होता. त्याचा बांध तयार झाला आणि पाणी तुंबून चढत होतं. कॅनॉलचं दार बंद करायला माणूस पळाला होता, पण वरच्या चारीत भरलेलं पाणी येणारच होतं. तोडकरी कमरेइतक्या पाण्यात उतरून मोळ्या उपसत होते.

बायको सरळ पाण्यात उतरली. तिनं त्या माणसाच्या मानेखाली हात घातला.

"मामा, माझ्याकडं बघा."

"माझा पाय हाय का वो?"

"हाय की. बोटं हलवा."

"हलत्यात का कळंना."

"हलत्यात. मला कळतंय," ती म्हणाली. तिला काही कळत नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

गाडी ओढली जाऊ नये म्हणून तिचे मागचे लोखंडी फाळ मी मातीत रुतवले आणि पुढचं टोक बांधावरच्या लिंबाला साखळीनं बांधलं. तात्यांनी दोर ट्रॅक्टरच्या वरच्या चाकाच्या एक्सलला लावला, काठावर दोराखाली ओंडका सरकवला, वर गोणपाटं टाकली. मी विंचच्या लिव्हरपाशी. तिथून मला चारीतलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होते फक्त काठावर उभे तात्या आणि त्यांचा हात.

हात वर झाला. मी विंच चालू केली. दोर ताणला, ट्रॅक्टरचं वरचं चाक काठावर डोकावलं, जरासं आणखी वर आलं. आणि खाडकन आवाज झाला. पिन तुटली होती. ड्रम मागं फिरला, बायकोची किंकाळी आली, मग विंचच्या ब्रेकनं पकडलं.

तो ब्रेक पुढचा किती वेळ धरेल हे मला माहीत नव्हतं. त्याचा पट्टा मीच बसवला होता.

मी हत्यारांची पेटी ओढत गाडीखाली घुसलो. डोक्यावर दोर तटतटत होता. पेटीत हात घातला तर आधी तो पोलादी बोल्टच हाताला लागला. तात्या वाकून बघत होते.

"तो न्हाय."

"तात्या, परत पिन तुटली तर? परत खाली बसला तर?"

"कप्पी लाव. दोर दुहेरी कर. निम्म्या जोरात येतंय."

"तेवढा वेळ न्हाय!"

चारीतून बायकोचा आवाज आला, "हनुवटीला आलंय वो! काय करताय तुमी?"

मी बोल्ट हातात धरून पडून होतो. बसवायला क्षण पुरला असता. त्या बाभळीची फांदी डोळ्यांसमोर आली, आणि दोराच्या रेषेत वाकलेली बायको. मी बोल्ट टाकला आणि मऊ पिन घेऊन बसवली. तात्यांना मी त्या वेळी एक शिवी दिली. त्यांनी ऐकली आणि कप्पी उचलून ट्रॅक्टरकडं पळाले. सत्तरीच्या माणसाला तसं पळताना मी पाहिलं नव्हतं. मी ब्रेक नखानखानं ढिला केला. दोर सैल पडेपर्यंत ट्रॅक्टर थोडा खाली बसला, आणि तो माणूस ओरडला. ते ओरडणं अजून कानात आहे. दोर कप्पीतून फिरवून त्याचं टोक आमच्याच गाडीच्या हुकात अडकवलं.

पुन्हा हात वर. आता दोर निम्म्या वेगानं येत होता. तोडकऱ्यांनी ऊस उपसायचा थांबवला होता. फाळ मातीत नांगरासारखे मागं सरकू लागले. लिंब करकरला. मी तात्यांच्या हाताकडं बघत राहिलो. चाक वर आलं, मग मडगार्ड, मग अख्खं धूड.

"सुटला! सुटला!" बायको ओरडत होती. तात्यांची मूठ मिटली. मी विंच बंद केली.

चौघांनी त्याला घोंगड्यात घालून वर घेतलं. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. तो ग्लानीत कुणाशी तरी बोलत होता, "आमच्या बापानं मेंढरं राखली. पाण्यात कधी मेंढरू सोडलं न्हाय." ॲम्ब्युलन्स इंदापूरच्या बाजूनं आली आणि त्याला घेऊन बारामतीला गेली. मी विंचचा लिव्हर सोडायला गेलो तर बोटं उघडेनात. बायकोनं एकेक करून सोडवली. ती स्वतः कुडकुडत होती. तात्या बांधावर बसून धापा टाकत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "मघाशी तोंडातून गेलं."

"फौजेत ह्याच्यापेक्षा बेस ऐकलंय," ते म्हणाले. "पाणी दे."

आमची गाडी तेवढ्यात एक्सलपर्यंत रुतून बसली होती. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गावातल्या ट्रॅक्टरांनी तिला ओढून काढलं आणि जेसीबीवाला सबंध वेळ हसत होता.

काही दिवसांनी आम्ही बारामतीच्या दवाखान्यात त्या ड्रायव्हरला बघायला गेलो. पायात सळई घातली होती. मी पलंगापाशी उभा राहिलो, नमस्कार केला. त्यानं परका माणूस आल्यासारखं बघितलं. ते बरोबरच होतं. मी त्याला दिसलोच नव्हतो. बायको मागं दारातच नर्सशी बोलत होती, पाणी कुठं मिळेल असं काहीसं विचारत होती.

त्यानं मान वळवली. "त्या बाईला आत बोलवा," तो म्हणाला. "वळखतो मी तिला."