देवरामची अर्धी भाकर

हिराबाईच्या घरात त्या संध्याकाळी जी आग लागली, तिची काडी ओढली मी. उडदाचं भुजं भुरकत बसलो होतो, पोट भरत आलं होतं, आणि पोट भरत आलं की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "हिराबाई, बरं झालं हो, तुमच्या दोन घरांचं एकदाचं मिटलं."

हिराबाई तव्यावरची भाकर उलटत होती. "कोणत्या दोन घरांचं, मास्तर?"

"तुमचं आणि तुमच्या जावेचं, कोंडीचं. काल तुकानं मला चिंबोरी खायला बोलावलं होतं, तर तुमचा देवराम आधीच पंगतीला! चांगला मांडी ठोकून बसला होता."

भाकर तव्यावरच राहिली. त्या घरात मी एवढा जेवलो, पण हिराबाईच्या हातची करपलेली भाकर खाल्ली ती तेवढी एकदाच. बिनबोभाट खाल्ली.

जव्हारचं संस्थान विलीन झालं, मग सरकारनं पाड्यापाड्यावर शाळा काढल्या आणि जामसरच्या शाळेवर मला धाडलं. मला चूल फुंकता येत नव्हती. मी माझे तांदूळ हिराबाईकडे टाकायचो आणि रात्रीचं तिच्याकडे जेवायचो. बाई शेतातून आली की कमरेचा कोयता खुंटीला अडकवायची, आणि तिचा ओला पदर वाळायच्या आत जेवण तयार असायचं. भुज्यासाठी उडीद भाजून, जात्यावर भरडून मडक्यात ठेवलेले असत. आधणात लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ, वरून ती भरड. पळीनं घोटलं, दोन उकळ्या आल्या की झालं. खुरासणी तव्यावर तडतडली की लसणाबरोबर पाट्यावर वाटायची, ती चटणी. बांधावरचा टाकळा खुडला, परतला, ती भाजी. आणि नागलीची भाकर, तिच्यावर हिराबाईची बोटं उमटलेली. तीन बोटं खोल, करंगळी उथळ, कारण करंगळी लहानपणी विळ्यानं अधू झालेली.

भादवा लागला की मात्र कणगीत हात खोल खोल जातो. नवी नागली शेतात उभी, जुनी संपत आलेली. अशा दिवसांत घरातली बाई सगळ्यांना वाढते आणि आपण पेजेचं पाणी पिऊन 'जेवले' म्हणते. हिराबाई ते इतक्या सफाईनं म्हणायची, की मलाही बरेच दिवस खरं वाटलं.

तिचा नवरा देवराम. गोड माणूस. इतका गोड, की मुंगळे लागावेत. संध्याकाळी ताटावर बसायचा, भाकर मोडायचा, अर्धी परत सारायचा. "पोरीला दे. मला भूक नाय." मग घोंगडी खांद्यावर टाकून नागलीच्या शेतातल्या माळ्यावर डुकरं हाकायला जायचा. हिराबाईचे डोळे भरून यायचे. ती अर्धी भाकर, वर स्वतःच्या वाट्याची एक, पळसाच्या पानात बांधून त्याच्या हातात द्यायची.

"कशाला गं? तू खा."

"खाल्लं मी. रातभर ओरडायचं तुला. पोटात काय तरी पायजे."

विहिरीवर बाया नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की हिराबाई हांडा उचलून निघायची. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तिचा नवरा तिच्या लेकरासाठी अर्धपोटी राहत होता. असा नवरा पाड्यावर दुसरा दाखवा!

आता भांडणाचं सांगतो. देवराम आणि त्याचा थोरला भाऊ तुका यांचं चैत्रात बांधावरच्या मोहाच्या झाडावरून वाजलं. फुलं कोणी वेचायची? दोघांनी वेचली, दोघांनी शिव्या दिल्या. देवराम तणतणत घरी आला, मूठभर नागली हातात घेतली आणि कणसरीची, म्हणजे अन्नाच्या देवीची आण वाहिली, की त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. हिराबाईच्या मुठीतही नागली दिली. "तू पण वाहा."

हिराबाईनं मूठ मिटली नाही. तुकाची बायको कोंडी तिची नुसती जाऊ नव्हती. दोघी पोशेऱ्याच्या, एका आळीत वाढलेल्या, एका मांडवात लग्नं झालेल्या. पण नवरा म्हणाला, "कोंडी काय बोलली माहीत हाय? हिरीचं घर भुकेचं, एक दिवस हात पसरायला येईल." तेव्हा हिराबाईनं आण वाहिली. त्या दिवसापासून विहिरीवर दोघी समोरासमोर पाणी भरत आणि एकीनं दुसरीकडे पाहिलं नाही. संध्याकाळचा विस्तवही हिराबाई लांबच्या घरून आणायची. एवढं संस्थान एका सहीत विलीन झालं, पण या दोन चुली काही विलीन होईनात, असं मी तेव्हा म्हणायचो आणि माझा मीच हसायचो.

माझ्या त्या शब्दानंतर हिराबाई रात्रभर देवरामच्या मिशांना येणारा सुक्या बोंबलाचा वास आठवत पडली. हा वास त्याच्या मिशांना कितीतरी सकाळी आला होता, आणि घरात तर बोंबील आषाढातच संपले होते. तरी तिला वाटलं, मास्तराच्या डोळ्यांचंच काही असेल. आम्हा शिकलेल्या लोकांचे डोळे अधू असतात अशी तिथं समजूत आहे.

पुढचं मला हिराबाईनं सांगितलं, कोंडीनं सांगितलं आणि देवरामनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिनं नेहमीसारखं वाढलं. देवरामनं अर्धी भाकर सारली, "भूक नाय" म्हणाला. तिनं पान बांधून दिलं, "खाल्लं मी" म्हणाली. तो निघाला. मग तिनं चूल विझवली, पोरीचा, सुकीचा हात धरला आणि त्याच्या मागोमाग पायवाटेला लागली. माळ्याची वाट तुकाच्या घरावरून जाते. देवराम तिथवरच गेला.

ओट्यावर कंदील होता. देवरामपुढे वाफाळता भात, वर बोंबलाचं कालवण, आणि माणूस असा जेवत होता की मोहरमचा वाघ लाजावा. गोठ्याच्या तोंडाशी तुकाचा बैल काहीतरी चघळत होता. हिराबाईनं वाकून पाहिलं. पळसाचं पान. एक भाकर बैलाच्या तोंडात गेलेली, अर्धी चिखलात. तीन बोटं खोल, करंगळी उथळ.

तिनं ती उचलली, पदराला पुसली.

"बैलाला आवडते का रे माझी भाकर?"

देवरामचा घास हातातच राहिला. "हिरे! अगं, वहिनीनं... वहिनीनं लई आग्रह केला."

कोंडी पळी घेऊन बाहेर आली. "मी आग्रह केला? अरे मेल्या, तूच रोज रडतोस ना, हिरी संध्याकाळची चूलच पेटवत नाय म्हणून?"

"मी चूल पेटवत नाय?" हिराबाई म्हणाली.

"हा सांगतो. तू रुसलीस म्हणे. माझं नाव काढलं की थुंकतेस म्हणे."

"आणि मला सांगतो, तू माझ्या घराला भुकेचं घर म्हणालीस."

"मी?" कोंडीची पळी खाली आली. "पोशेऱ्याला एका पानात जेवलो आपण, हिरे. मी तुझ्या घराला भुकेचं म्हणेन?"

दोघी देवरामकडे वळल्या. तुका आढ्याकडे बघायला लागला. आढ्यात काही नव्हतं. देवरामनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, की भादव्यात एका चुलीवर माणसाचं भागत नाही, आणि दोन चुली बोलायला लागल्या असत्या तर त्याला एकाच ठिकाणी बसावं लागलं असतं. हिशोब अगदी चोख होता. फक्त ऐकायला कोणी नव्हतं.

कोंडीनं त्याच्यापुढचं ताट उचललं. "हिरे, ये. बस. जेव."

"आण हाय माझी."

"अगं, ज्यानं घालायला लावली त्यानंच मोडली ना!"

"त्यानं मोडली. मी नाय मोडली." आणि सुकीला घेऊन ती उलट पावली फिरली. वाटेत सुकीनं ती पुसलेली अर्धी भाकर खाल्ली.

कोंडी बाई वेगळीच. दुसऱ्या संध्याकाळी तिनं बांधावरच्या त्याच मोहाच्या झाडाखाली तीन दगड मांडले, विस्तव पेटवला आणि हाळी दिली, "हिरेऽ! आण घराची हाय ना? झाडाला घर नाय. ये तुझं भुजं घेऊन!" हिराबाईनं चुलीवरचं भुजं उतरवलं. मग मडकं घेऊन गेली. नवं धान्य पहिल्यांदा खाण्याच्या सणाला भगतानं तिची आण उतरवली, तोवर दोघींची संध्याकाळची चूल झाडाखाली. भुजं हिराबाईचं, कालवण कोंडीचं. पाऊस आला तर वर इरलं धरायला तुका.

देवरामला पाड्यावरची माणसं विचारायची, "काय देवराम, आज कुठल्या संस्थानात जेवण?" तो बांधाच्या कडेला खाली मान घालून बसायचा. हिराबाई त्याला पोटभर वाढायची. भाकर अख्खी, भुजं वाटीभर. बोलायची नाही. पळसाचं पान बांधायची नाही. आणि एक नवीन झालं होतं. नवऱ्याच्या आधी ती स्वतःचं वाढून घ्यायची, सगळ्यांच्या देखत जेवायची. पाड्यावर हे कोणी पाहिलं नव्हतं, पण टोकायची छाती कोणाची झाली नाही.

माझी झाली. पोटभर खाऊनही देवराम अबोल्यानं वाळला होता, मला त्याची दया आली. एके संध्याकाळी मी हळूच म्हणालो, "हिराबाई, जाऊ द्या आता. माणूस आहे. भुकेपायी चुकतो माणूस."

तिनं तोंडातला घास सावकाश गिळला.

"उपाशी मी होते, मास्तर."