सतरा पौंड हवा

कनेरगाव नाक्यावर ढाब्याला लागून माझ्या थोरल्या भावाचं पंक्चरचं दुकान होतं. मी जवळच्याच खेड्यात प्राथमिक शाळेवर नुकतीच लागले होते. भंगारातून एकेक भाग जमवून त्यानं दोन वर्षांत एक मोटारसायकल उभी केली होती. टाकीला रंग नव्हता, पुढं दिवा नव्हता. पण सुरू झाली की तिचा आवाज करडईच्या रानावरून तरंगत जायचा आणि ऐकता ऐकता मला झोप आल्यासारखं व्हायचं.

सत्तरनंतरची ती वर्षं. वाशिम रस्त्यावर वाहनं मोजकीच. नाक्याच्या पुढं रस्ता एका ठिकाणी अगदी सरळ होता, कडेला फर्लांगाचे जुने दगड होते. हौशी पोरं तिथं रविवारी गाड्या पळवायची. उभ्या जागेवरून सुटायचं, दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल जायचं, बस. हिंगोलीच्या एका आडत्याच्या मुलानं नवी कोरी गाडी आणली होती आणि तो कुणाला पुढं जाऊ देत नव्हता. भावानं त्याला माघातल्या एका रविवारी बोलावलं.

"सुटतानाच मी मार खाऊन राहिलो," भाऊ मला म्हणाला. "हवा जास्त भरली की मागचं चाक जाग्यावरच फिरतंय. कमी केली की गाडी ढेकळातून चालल्यावानी जड होती. मधली हवा कोणती, ते बाहेरून पाहावं लागंल. तू चालव."

"मी? काहून मी?"

"सायकल येती की तुला. सरळ तर जायाचंय."

शर्यतीच्या आधीच्या रविवारी आई विहारात वंदनेला गेली आणि आम्ही निघालो. मी भावाचा पायजमा घातला होता. क्लच आणि गिअर त्यानं आदल्या संध्याकाळी शिकवले होते. माझं वजन कमी पडतं म्हणून त्यानं ज्वारीचं गाठोडं माझ्या मागं सीटवर ठेवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलं. रस्त्यावर धुकं इतकं होतं की पुढचा दगड दिसत नव्हता. पहिल्यांदा सुटले तेव्हा चाक खडीवर भिरभिरलं. मग गाडीनं रस्ता धरला. धुकं तोंडावर ओलं लागत होतं, दोन्हीकडची रानं विरघळून गेली होती. मी पुढं चाललेय की रस्ताच माझ्याकडं येतोय, काही कळेना. थांबावंसं वाटेना.

परत आले तर भाऊ टायरवर वाकलेला. "चोवीस पौंड जास्तच हाय. पण किती कमी करू?"

माझ्या पिशवीत शाळेचा खडू होता. मी टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत आडवी जाड रेघ ओढली. "आता जरा चालवून बघू. कुठं पुसती ते दिसंल."

रेघ फक्त मधे पुसली. म्हणजे टायर मधेच टेकत होतं. भावानं हवा सोडली, मीटर लावला, मी नवी रेघ ओढली, पुन्हा गेले. चौदा पौंडांवर काठ पुसले आणि मधे खडू तसाच राहिला. सोळा, अठरा. सतरावर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पुसली गेली. भाऊ कितीतरी वेळ नुसता तिथं हात फिरवत बसला.

शर्यतीच्या दिवशी आडत्याचा मुलगा सकाळी येणार होता, तो आला दुपारी. डांबर चटकत होतं. आम्ही पहाटेच सतरा भरून ठेवले होते. मी मीटर लावायला सांगितला. काटा वीसला जाऊन थांबला.

"उन्हानं फुगली," मी म्हणाले. "तीन पौंड सोड."

"मीटर बिघडला असंल. पहाटे बराबर होती."

"पहाटे थंडी होती भाऊ."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि काटा सतरावर येईपर्यंत वॉल्व्ह दाबला.

रुमाल पडला तसा भाऊ गोळीसारखा सुटला. चाक जागेवर जराही फिरलं नाही. पहिल्या फर्लांगाला तो पुरती एक गाडी पुढं होता, आणि माझ्या कानात कसलाच आवाज येत नव्हता. दुसऱ्या फर्लांगात मात्र नव्या गाडीचं इंजिन बोललं. आडत्याचा मुलगा हातभर पुढं निघाला. आम्ही हरलो.

तो गाडी वळवून आला, उतरला, आधी आमच्या मागच्या चाकापाशी वाकला. अंगठ्यानं टायर दाबून बघत म्हणाला, "तुमी सुटले कसे यार? हवा किती हाय?"

भावानं घाम पुसला. "मला नको, तिला विचार."

मी सतरा सांगितलं. खडूचंही सांगितलं, उन्हाचंही. तो ऐकत राहिला. मग खिशातून पेन काढून त्यानं तळहातावर आकडा लिहिला आणि म्हणाला, "मॅडम, उरलेला खडू द्याल का?" मी दिला.

तो गेल्यावर मला वाटलं, आता भाऊ रागावेल. तो ढाब्यावरून दोन चहा घेऊन आला आणि रस्त्याच्या कडेला बसला.

"तुला वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं की," तो म्हणाला. "पण पहिला फर्लांग पाहिला न्हाई का तू?"

चहा संपल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मी साडीचा काठ खोचला. भाऊ मागं बसला. नाक्यावरची माणसं उठून बघायला लागली. मी गाडी हळूच चालवली, इतकी हळू की करडईची पिवळी फुलं एकेक करून मागं जाताना दिसत होती.