विजार घालून बाजाराला

गुरुवारी बाजाराला निघताना साल्का गालित्सानं पेटीतला गुलाबाच्या फुलांचा झगा बाहेर काढला, झटकला, खिडकीशी धरून पाहिला आणि पुन्हा घडी घालून पेटीत ठेवून दिला. मग दाराआडच्या खुंटीवरची नवऱ्याची, युझेकची, विजार घेतली. जाड पांढऱ्या लोकरीची विजार. मांडीवरची निळी-तांबडी नक्षी झाडांच्या राळेनं काळी पडली होती. युझेक गेल्यापासून जंगलात ओंडके ओढायला जाताना ती हीच घालायची. जंगलात कोण बघतंय? पण बाजाराला विजार घालून जायचं म्हणजे पुरुषानं चर्चमध्ये टोपी न काढता शिरण्यासारखंच.

"आई, लोक हसतील," ब्रोंका म्हणाली. पोरगी दारात आडवीच उभी राहिली होती.

"हसू देत. तू कोंबड्यांना दाणे टाक."

"निदान वरून एप्रन तरी बांध."

"नाही बांधत."

साल्कानं वर आखूड बिनबाह्यांचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट चढवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि तबेल्यातून बाश्काला बाहेर काढलं. चाबकाच्या दांड्यानं घोडीच्या पायांपुढे चिखलात क्रूस काढला. वाटेला लागण्याआधी तिचे वडील असाच काढायचे. मग लुज्मिएझच्या चर्चमधल्या मरियम माउलीला हात जोडून एवढंच म्हणाली, "माझं मी बोलेन. तू फक्त माझा आवाज कापू देऊ नकोस."

बाश्का तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा पट्टा असलेली, रुंद छातीची घोडी. साल्का लग्न होऊन या घरात आली तेव्हा वडिलांनी तिच्यासोबत एक घोडी धाडली होती. बाश्का त्या घोडीचीच लेक. ती जन्मली तेव्हा युझेक गुडघे टेकून कंदील धरायला होता, हात घातला तो साल्कानं. पुढे एका हिवाळ्यात उतारावरून सुटलेल्या ओंडक्याखाली युझेक गेला. दुःखाचे दिवस सरले तसे सगळे म्हणाले, आता घोडी विकून टाक, बाईमाणूस काय करणार तिचं. साल्कानं काय केलं, तर नवऱ्याची विजार घातली, साखळी खांद्यावर टाकली आणि जंगलाच्या मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. मुकादमानं तिला सगळ्यात वाईट उतार दिला. तिथले ओंडके दुसरं कुणी ओढायला तयार नव्हतं. तिनं ओढले. पुढच्या हिवाळ्यात त्यानं न विचारताच तिला बोलावणं धाडलं. त्या घोडीवर घर चाललं होतं. घोडी गेली की दिराच्या चुलीपुढे वाडगा घेऊन बसायचं, हे साल्काला पक्कं ठाऊक होतं.

आणि दिरानं घोडी विकली होती.

झालं होतं ते असं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर फ्लोरेक, युझेकचा धाकटा भाऊ, खानावळीत बसला होता. त्या वर्षी त्याच्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला होता. तिथे घोड्यांचा व्यापारी म्हातारा कुबिन आला, बाश्काचा विषय निघाला, आणि फ्लोरेकनं हात पुढे केला. टाळीवर टाळी बसली, तिसऱ्या एकानं हाताची कड मारून दोघांची टाळी तोडली, म्हणजे सौदा पक्का, वर घोट झाले. आमच्या डोंगरात असा सौदा म्हणजे दगडावरची रेघ. मागे फिरणाऱ्याशी कुणी पुन्हा सौदा करत नाही.

सोमवारी साल्का त्याच्या अंगणात गेली तेव्हा तो कुऱ्हाडीला धार लावत होता.

"फ्लोरेक, घोडी माझी आहे."

"तुमचीच आहे वहिनी. तुमची म्हणजे आपल्या घराचीच की. घरात पुरुष नाही, म्हणून मी बोललो. वाईट केलं का?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारून काय झालं असतं? टाळी तुमच्याशी कोण मारणार होतं? बाईचा हात सौद्यात मोजत नाहीत, हे काही मी ठरवलेलं नाही." त्यानं धारेवर अंगठा फिरवून पाहिला. "गुरुवारी तिला बाजारात आणा. दावं झग्याच्या घोळात धरून कुबिनच्या हवाली करा, की झालं. नवा झगा मी घेऊन देईन तुम्हाला. त्याला जुनी रीत लागते, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतंच. जनावर विकताना दावं उघड्या हातानं देत नाहीत. ज्यानं चारा घातला त्यानं ते आपल्या कपड्याच्या घोळातून द्यायचं, घेणाऱ्यानं आपल्या कोटाच्या घोळात घ्यायचं. उघड्या हातानं दिलं तर जनावराचं दैव जुन्या तबेल्यात राहतं आणि जनावर नव्या घरी झुरून मरतं. तरुण मंडळी हसतात या गोष्टीला. पण हसणारेही दावं देताना हळूच कोटाचं टोक पुढे ओढतात.

"आणते," एवढंच साल्का म्हणाली.

फ्लोरेकला वाटलं, वहिनी नमली. तबेल्याला कुलूप लावून बसणं तिला सोपं होतं. पण मग तो जन्मभर सांगत फिरला असता की बाईनं पुरुषाचा शब्द घरात बसून बुडवला. टाळी चारचौघांत वाजली होती. ती चारचौघांतच पुसायला हवी होती.

बाजाराच्या तोंडाशीच सुरुवात झाली. लोकरीचे मोजे विकणारी एकजण दुसरीला कोपर मारून म्हणाली, "अगं बघ, युझेक परत आला."

"युझेक कसला. युझेकला एवढं ढुंगण नव्हतं."

चामड्याच्या चपला टांगून बसलेल्या माणसानं आपली टोपी काढली आणि वाकून म्हणाला, "नमस्कार मालक, मालकीणबाई घरी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," साल्का म्हणाली. "तुमच्या चपलांची टाच पहिल्याच पावसात सुटली, म्हणून शिव्या घालत बसल्यात."

लोक खदाखदा हसले. ती थांबली नाही. कान मात्र रुमालाखाली तापले होते.

चीजवाल्या बायकांच्या रांगेत विक्ता बसायची. विक्ताच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी साल्कानं हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कुमा म्हणत. विक्तापुढे मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज चात्यांसारखं मांडून ठेवलेलं, सोनेरी, दोन्ही टोकांना निमुळतं.

"कुमा," विक्तानं तिला खालून वर पाहिलं, "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

"घोड्यांच्या आवारात चाललेय."

"ते दिसतंय. फ्लोरेक केव्हाचा तिथे मिशीला पीळ देत उभा आहे. पण हे काय? आज तर तुला घोळ..." विक्ता बोलता बोलता थांबली. तिची नजर विजारीवरून बाश्काच्या दाव्यावर गेली, तिथून साल्काच्या तोंडावर आली. मग तिनं चीजचा एक तुकडा कापून साल्काच्या हातात कोंबला. "खा. रिकाम्या पोटी भांडू नये."

घोड्यांचं आवार नदीच्या बाजूला. गाड्या, शेण, वाफाळता चहा, त्यात कुणीतरी ओतलेली प्लमची दारू. कुबिन गाडीच्या चाकाला टेकून उभा होता. पितळी बकलांचा रुंद पट्टा, गुडघ्याखाली आलेला लोकरी कोट. फ्लोरेकनं साल्काला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, हे काय सोंग?"

"माझे रोजचे कामाचे कपडे आहेत."

कुबिननं बाश्काचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, मानेवर हात फिरवला. हात फिरवताना त्याचे डोळे मऊ झाले, हे साल्कानं टिपलं. घोड्याला खरंच ओळखणारा माणूस होता तो.

"चांगली राखलीय," तो म्हणाला. "आता द्या, मालकीणबाई."

साल्का दावं मुठीत धरून उभी राहिली. "कशातून देऊ?"

कुबिननं तिच्याकडे पाहिलं. जाकीट कमरेच्या वरच संपत होतं. खाली विजार पायाला चिकटलेली. घोळ असा कुठेच नव्हता.

आसपासचे लोक हळूहळू गोळा झाले. फ्लोरेक पुढे आला. "आणा इकडे, मी देतो माझ्या कोटातून." त्यानं दाव्याला हात घातला तशी बाश्कानं कान मागे टाकले आणि त्याच्या बाहीचा लचकाच तोडला. फ्लोरेक शिवी हासडून मागे झाला.

"तू कधी चारा घातलास हिला?" कुबिननं विचारलं.

"घरचीच घोडी आहे ती."

"ते विचारलं नाही मी. तिच्या तोंडाशी घास कुणी धरला?"

फ्लोरेकनं फाटकी बाही खाली ओढली. मग म्हणाला, "थांबा. एप्रनच पाहिजे ना? एप्रन काय, आत्ता आणतो."

तो तडक चीजवाल्यांच्या रांगेकडे गेला. आवारातून सगळं दिसत होतं. विक्ता पहिलीच होती.

"विक्तामावशी, तुमचा एप्रन द्या घडीभर."

"एप्रनवर चीज आहे बाबा."

"उचला की चीज."

"ग्राहकानं हात लावलाय, हलवता येत नाही," विक्ता म्हणाली आणि एप्रनची दोन्ही टोकं उचलून घट्ट कमरेत खोचली. फ्लोरेक पुढच्या बाईकडे वळला. तिनं त्याच्याकडे बघत बघत आपलाही एप्रन खोचला. पुढचीनंही. साल्काच्या ढुंगणावरून विनोद करणारी मोजेवालीही गंमत बघायला तिथे आली होती, तिनं तर एप्रन काढून, घडी करून त्यावर बूडच टेकलं. "आता उठव मला," ती म्हणाली. सगळी रांग हसत होती, पण या वेळी साल्काला नाही.

फ्लोरेक लालबुंद होऊन परतला. "ही जुनाट थेरं सोडा, कुबिनबाबा. घ्या हातानं. टाळी झालीय आपली."

"हातानं घेतलेलं एक जनावर माझ्या दारात सात दिवस उभं राहून मेलं," कुबिन म्हणाला. "पाण्याला तोंड लावलं नाही त्यानं. हातानं दावं घे म्हटलं की मला तेच दिसतं." तो साल्काकडे वळला. "मालकीणबाई, बाजारात माझा शब्द आहे. टाळी वाजली, लोकांनी पाहिली. आता मी काय करू?"

साल्कानं तोवर आवाज चढवला नव्हता. आताही नाही. पण आवारातल्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं.

"ज्यानं टाळी दिली त्याला धरा. त्याच्याकडे बैल आहे, तो मागा. रविवारी माझा हात त्या टाळीत नव्हता. बाईचा हात सौद्यात मोजत नाहीत म्हणे. मग बाईच्या हातातलं दावंही मोजू नका. हे दावं सोडवायचं असेल तर माझी बोटं एकेक करून उलगडा. पुढे या. माझ्या नवऱ्याची विजार आहे ही, तिच्यासमोर उलगडा."

कुणी पुढे आलं नाही. फ्लोरेकनं चिखलाकडे पाहिलं.

कुबिननं मिशी चावली. मग त्याच्या छातीतून एक घरघर निघाली. हसत होता तो. "तू त्या यांबोर स्तोहचीच लेक ना? तुझा बाप असाच होता. बाजार उठला तरी घोडं घेऊन उभा."

"त्याचीच."

"ही कधी फळायला न्यायची आहे?"

"येत्या वसंतात."

"शिंगरू विकशील?"

"नर झाला तर विकेन. मादी झाली तर माझी."

माणसं वाट बघत होती, कुबिन काय बोलतो याची नव्हे, काय करतो याची. साल्कानं दावं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर. ओंडक्यांच्या साखळीनं कातडं जाड झालेला, आडवा चिरलेला हात.

कुबिन आपल्या तळव्यावर थुंकला आणि त्यानं टाळी मारली. ती नदीपर्यंत वाजली असेल.

आता टाळी तोडायला तिसरं माणूस हवं होतं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. कुणी खिशातून हात काढेना. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत विक्ता आली, चीजच्या धुराचा वास मारणारा हात तिनं दोघांच्या हातांवर कुऱ्हाडीसारखा मारला, आणि म्हणाली, "तुटली. आता मला कुणीतरी घोट पाजा."

"शिंगरू देताना तरी माणसासारखी येशील ना?" कुबिननं विचारलं.

"शिंगरू माझ्या मर्जीनं देणार आहे. झगा घालून येईन."

आणि गेलीही. गुलाबाच्या फुलांचा झगा घालून, दावं घोळात धरून. नर झाला होता.

फ्लोरेकला कुबिनला बैल द्यावा लागला. दोन हिवाळे तो साल्काशी बोलला नाही. तिसऱ्यात त्याच्या ट्रॅक्टरचं चाक ओढ्यात रुतलं, तेव्हा ते बाश्कानं काढलं, आणि साल्कानं त्यावर चकार शब्द काढला नाही. ते त्याला जास्त झोंबलं.

आमच्याकडे अर्धं गाव गालित्सा. नुसत्या आडनावानं टपालवाल्यालाही घर सापडत नाही, म्हणून प्रत्येक घराला एक हाकेचं नाव असतं आणि ते पिढ्यान् पिढ्या चालतं. साल्काचं घर दारातल्या सुरूच्या झाडावरून आधी 'सुरूखालचे' होतं. त्या गुरुवारनंतर ते 'विजारवाले' झालं. आधी चिडवायला म्हणायचे. ब्रोंका शाळेतून रडत यायची. साल्का म्हणायची, "विचारलं कुणाची, तर सांग, विजारवालीची. मान वर करून सांग." पुढे ब्रोंकाच्या लग्नात वाजंत्र्यांनीच ते नाव घेऊन पहिलं गाणं धरलं आणि ब्रोंका हसली.

आता साल्काचे गुडघे गेलेत. बाश्काच्या नातीची नात तबेल्यात आहे, ओंडके ओढायला नाही, नुसती आहे. परवा साल्का काठी टेकत दगड घडवणाऱ्याकडे गेली आणि आपल्या थडग्याचा दगड सांगून आली. वर बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव, सालोमेआ गालित्सा, आणि खाली घराचं नाव, 'विजारवाली'. फादरनी निरोप धाडला, आजी, पवित्र जागी असा शब्द बरा दिसतो का, 'सुरूखालची' लिहू या.

साल्कानं उलट निरोप दिला. माउलीनं मला त्या दिवशी विजारीत पाहिलंय. वर गेल्यावर तिला ओळख पटायला नको का?

दगड कोरून झाला आहे. तो घराच्या भिंतीशी टेकवून ठेवलाय, अक्षरं वाटेकडे करून.