काढलेल्या कार्डाचं नाव

खाऱ्या हवेत गंजलेल्या पत्र्याचा वास आला की आचऱ्यातलं मच्छीमार सोसायटीचं ऑफिस आठवतं; तिथला संगणक आणि सभासदांच्या नोंदी मीच सांभाळायचो. होडीचे परवाने वारसांच्या नावावर करून घ्यायचा शेवटचा दिवस, तारीख वाढवायला खात्याचा साहेब तयार नाही, आणि सर्व्हरचं नेट बंद. गंजलेलं नेटवर्क कार्ड काढून मी नवं बसवलं, पण त्याला जुन्याचं नाव देता येईना, आणि त्या नावाशिवाय नेट चालेना. सर्व्हरने ते काढलेल्या कार्डासाठीच धरून ठेवलं होतं. "मेला तरी नाव सोडना नाय! आता मी पुसूनच टाकतंय," मी फटकन बोललो आणि परवान्यासाठी सकाळपासून बसलेल्या एका काकीकडे बघून जीभ चावली. तिचा नवरा गेल्या वर्षी समुद्रातून परतला नव्हता. "पूस रे झिला," ती म्हणाली, "परवान्यावरचा त्येंचा नावय पूस. होडयेर त्येंनी सोताच्या हातान रंगवलेला आसा, ता खंय जाता?" मी जुन्या कार्डाची नोंद पुसली, नेट सुरू झालं, परवाना तिच्या नावावर झाला. आजही सोसायटीच्या पत्रकात कुणाला 'मयत' लिहिताना मला होडीवरचं ते रंगवलेलं नाव दिसतं.