बाणाचं पाणी

लातूर जिल्हा सरकारनं कशासाठी केला याबद्दल लोकांची मतं काहीही असोत, माझ्या साडूंच्या मते तो एकाच कारणासाठी झाला होता. तिरंदाजीच्या स्पर्धेत लाउडस्पीकरवरून ‘लातूर’ असा पुकारा व्हावा आणि ‘हजर’ म्हणून त्यांनी उभं राहावं, एवढ्यासाठीच. कलेक्टर, कचेऱ्या, नव्या पाट्या हे सगळं त्यांच्या लेखी मागाहून आलेलं लटांबर होतं. गावात जिल्ह्याचे पेढे वाटले गेले तेव्हा पेढा हातात घेऊन ते मला म्हणाले होते, “जिल्हा झाला ते ठीक हाय. पण पुकारा झाल्याबिगर माणूस काय आन् जिल्हा काय, हाय कुठं?”

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि ते मला पावणं. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, गल्ल्यावर बसून बसून सुटलेलं पोट, अशा माणसाच्या अंगात चाळिशी उलटल्यावर तिरंदाजी शिरावी हा खरं तर नांदेडचा दोष. नांदेडला आमच्या घरी बारशाला आले असताना त्यांना दही आणायला पाठवलं होतं. बारसं उरकलं, पंगत उठली, तरी दही आलं नाही. शोधायला गेलो तर हे गृहस्थ मैदानाच्या कडेला दह्याचं मडकं धरून उभे. पलीकडे काही तरुण बांबूच्या धनुष्यानं बाण मारत होते आणि प्रत्येक बाणाबरोबर अण्णांची मान इकडून तिकडे फिरत होती. परत जाताना त्यांच्याबरोबर एक जुनं धनुष्य आणि पिसं झिजलेल्या बाणांची जुडी होती. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, लातूरपर्यंत त्या जुडीशेजारी बसायला नकार दिला होता.

बाणाच्या शेपटाला तीन पिसं असतात आणि ती झिजली की बाण वाट चुकतो, मग नवी लावावी लागतात. कुठल्याही तिरंदाजाच्या घरी हे अर्ध्या तासाचं काम असेल, अण्णांच्या घरी तो संस्कार होता. कारण घर शिवभक्तांचं. अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथं कोंबडीचं पीस यायचं कसं? अण्णांनी स्वतःच तोड काढली. मेलेल्या पक्ष्याचं पीस घ्यायचं नाही, जिवंत पक्ष्यानं आपखुशीनं टाकलेलंच घ्यायचं. दुकानातल्या भांड्यांना कल्हई करणाऱ्या चाचांनी घरी चार कोंबडे पाळले होते. ते गळलेली पिसं वेचून आणत. पण अण्णा नुसत्या शब्दावर थोडेच विश्वास ठेवणार? ते म्हणत, “कोंबडा दाखवा.” मग चाचा घरी जात, कोंबडा काखेत मारून भर बाजारातून येत आणि दुकानासमोर उभा करत. एकदा वैतागून म्हणाले, “अण्णा, कोंबडा जिंदा हाय, तुमच्यासमोर उभा हाय. आता काय त्याची सही पायजे?” अण्णांनी कोंबड्याला नमस्कार केला आणि पीस ठेवून घेतलं.

पिसाचं असं मिटलं तर चिकटवायचा प्रश्न उभा राहिला. सुताराचा सरस उत्तम, पण तो कातडी आणि हाडं उकळून करतात. नावही काढायचं नाही. बाजारात बाटलीतली खळ मिळत होती, पण तिच्यात काय घालतात ते दुकानदाराला सांगता येईना, आणि ज्याचं मूळ ठाऊक नाही ते घरात नको, हा अण्णांचा बाणा. राहिला बाभळीचा डिंक. दोरा गुंडाळून पिसाची दोन टोकं धरता येतात, पण मधलं अंग डिंकानंच धरायचं, आणि डिंक उन्हात कडकडीत वाळला की तडकतो. तो मऊ राहावा म्हणून अण्णांनी त्यात गूळ घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांनी पिसं सोडवून भिंतीवर निम्म्यापर्यंत नेली होती. तेव्हापासून गूळ बंद झाला आणि ओलं फडकं सुरू झालं. बाण फडक्यात गुंडाळायचे, ते फडकं ओलसर ठेवायचं. चिंब झालं तर डिंक सुटतो, कोरडं झालं तर तडकतो. नव्या बाळंतिणीची जेवढी राखण होत नाही तेवढी त्या जुडीची होई.

आणि नेमका त्याच सुमारास पावसानं दगा दिला. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुनाच. अण्णा नेमासाठी कडब्याची मोठी पेंढी बांधून मागच्या परसात उभी करत, ती एका सकाळी कुणाच्या तरी गाईनं निम्मी खाल्ली. अण्णांनी गाईला हाकललं नाही, उरलेली पेंढी सोडून तिच्यापुढे टाकली आणि म्हणाले, “हिचा नेम माझ्यापेक्षा बरा हाय.” पुढे ते मातीनं भरलेल्या पोत्यावर बाण मारू लागले. पण पाण्याचं काय? नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक नव्हतं. अक्का रांगेत उभ्या राहून घागर भरून आणणार आणि त्यातलं ओंजळभर अण्णा फडक्यावर शिंपडणार. अक्का पिसाला हात लावत नसत. वाटेत पडलेलं दिसलं तर चिमट्यानं उचलून परसात ठेवत आणि चिमटा धुवायला पाणी नाही म्हणून राखेनं घासत. त्यांची तक्रार गल्लीला पाठ झाली होती: “घरात प्यायला पाणी न्हाई आन् हे बाणाला आंघोळ घालायलेत.”

अशात नांदेडला विभागाची निवड स्पर्धा ठरली. नव्या जिल्ह्यातून नाव दिलेला एकच तिरंदाज होता, तो कोण ते सांगायला नको. नियम असा की पंच आधी बाण तपासणार. तीन शाबूत बाण नसतील तर त्या खेळाडूचं नाव पुकारायचं नाही. नाव नाही म्हणजे जिल्हाही नाही. अण्णांनी आदल्या दिवशी दुकान बंद ठेवून सगळ्या बाणांची पिसं नवी लावली. मी कामानिमित्त लातुरात होतो, अक्कांनाही बहिणीला भेटायचं होतं, म्हणून तिघं मिळून सकाळच्या एसटीत बसलो. अण्णांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली जुडी, अक्कांच्या मांडीवर दुकानातला सगळ्यात मोठा फिरकीच्या झाकणाचा तांब्या, काठोकाठ भरलेला.

अहमदपूर सुटलं तेव्हा ऊन असं होतं की खिडकीची कड हाताला चटके देत होती. अण्णा थोड्या थोड्या वेळानं फडक्याला बोट लावून बघत आणि अक्कांकडे हात करत. अक्का झाकणभर पाणी देत. तरी एकदा ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि अण्णांचा चेहरा पडला. एक पीस सुटलं होतं. त्यानंतर आम्ही तिघंही फक्त त्या आवाजाकडे कान लावून होतो. मी हसायच्या बेतानं निघालो होतो, आणि आता मीच खिडकीतलं ऊन अडवायला रुमाल धरून बसलो होतो.

लोहा थोडंसं राहिलं असताना गाडीच्या तोंडातून वाफ निघू लागली. ड्रायव्हरनं गाडी बाभळीखाली लावली. कंडक्टर डबडं घेऊन शेजारच्या विहिरीकडे गेला आणि तसाच परत आला. तळाला चिखलसुद्धा नव्हता. मग तो दारात उभा राहून म्हणाला, “ज्याच्यापाशी जेवढं पाणी हाय तेवढं द्या. न्हाईतर बसा हितंच सांजपर्यंत.” कुणी बाटली दिली, कुणी दुधाच्या किटलीतलं उरलंसुरलं ओतलं. माझीही बाटली गेली. तरी इंजिनाचं पोट भरेना. हळूहळू गाडीतल्या सगळ्या माना अक्कांच्या मांडीवरच्या तांब्याकडे वळल्या.

अण्णा काही बोलायच्या आत अक्कांनी तांब्यावर पदर घेतला. “हे द्यायचं न्हाई. हे बाणाचं पाणी हाय.”

“कशाचं?” कंडक्टरनं विचारलं.

“बाणाचं. वाळले की पिसं गळत्यात. नांदेडला जिल्ह्याचं नाव पुकारायचं हाय यांना.”

मागून कुणीतरी हसलं. अक्का मागे वळून म्हणाल्या, “हसायचं काय त्यात? रांगेत उभं राहून मी भरलंय ते.” मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या मनात हे असेल याचा मला पत्ता नव्हता. अण्णांनाही नसावा. ते बायकोकडे असे बघत राहिले की क्षणभर बाण विसरले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “आगं, गाडीच गेली न्हाई तर बाण काय ह्या बाभळीवर मारू?” त्यांनी तांब्या सोडवून घेतला, खाली उतरले आणि स्वतःच्या हातानं शेवटच्या थेंबापर्यंत इंजिनात ओतला.

गाडी सुरू झाली. लोह्याला थांबा होता, पण तिथंही पाण्याची टाकी कोरडी. फडकं पापडासारखं वाळलं होतं. टक्. पुन्हा टक्. अण्णांनी जुडी सोडली, सुटलेल्या पिसांचे बाण बाजूला काढले आणि उरलेले मूठभर बाण तोंडाजवळ धरून चष्म्यावर फुंकावं तसा ‘हाऽ’ करून त्यांवर श्वास सोडला. तेवढीच ओल. एका बाणावर सोडावा तोवर दुसरा वाळायचा. अक्कांनी थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला, आपल्या हातानं निम्मे बाण घेतले, पदराच्या आत धरले आणि त्याही ‘हाऽ’ करू लागल्या. चिमटा लातुरातच राहिला होता. नांदेड येईपर्यंत नवरा-बायको असे श्वास सोडत बसले होते. कंडक्टरनं गाडी कुठंही रेंगाळू दिली नाही आणि आता कुणी हसतही नव्हतं.

मैदानावर पोचलो तेव्हा तीनच बाण उरले होते. पंचांनी पहिल्याच्या पिसांवरून अंगठा फिरवला, दुसऱ्याच्या फिरवला. तिसऱ्याचं एक पीस किंचित उचललेलं होतं. पंचांनी ते दाबलं, अण्णांच्या भस्माकडे बघितलं, पुन्हा पिसाकडे बघितलं आणि मान डोलावली. थोड्या वेळानं लाउडस्पीकर खरखरला आणि “लातूर” असा पुकारा झाला. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो क्षण आला, पण फुंकून फुंकून अण्णांचा घसा असा कोरडा पडला होता की त्यातून शब्द फुटेना. दोरीच्या अलीकडून अक्काच म्हणाल्या, “हाय. हाय की, हितं हाय.”

अण्णांचा एक बाण गवतात गेला, एक लक्ष्याच्या कडेला लागला आणि तिसऱ्याचं ते पीस हवेतच गळालं. लातूर फळ्यावर सगळ्यात खाली होतं. ते खालून वाचलं की पहिलं येतं, असं अण्णा पुढे जन्मभर सांगत राहिले. त्या दिवशी मात्र माझ्या घरी पोचल्यावर त्यांनी पाण्याचा पहिला पेला उचलला आणि अक्कांच्या हातात दिला.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. लातुरात आज पोरं-पोरी बाण मारतात. त्यांच्या बाणांना प्लास्टिकची पाती असतात आणि त्यांना ना ओलीचं भय ना उन्हाचं. मागच्या उन्हाळ्यात अक्कांना भेटायला गेलो. दार उघडंच होतं, मी चपला काढत होतो. आतल्या खोलीत देवघराशेजारच्या खिळ्यावरून अक्कांनी एक बाण काढलेला दिसला. त्यांनी तो हातात धरला, जवळ नेला आणि हळूच ‘हाऽ’ केलं. तिन्ही पिसांवर, एकेक करून. मला ती बस आठवली. मी दारातच थांबलो. बाण खिळ्यावर ठेवून त्या वळल्या, तेव्हा मी दिसलो. लाजल्या नाहीत, की दचकल्याही नाहीत.

“या, पावणं,” अक्का म्हणाल्या. “उन्हाळा लई हाय. लक्ष ठेवावं लागतंय.”