मूळचे आपलेच

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या सहलीत माझ्या शेजारी एक पुणेरी काका होते. नाव विचारायला त्यांनी उसंतच दिली नाही. दिसेल त्या दगडाला ते ‘ऑथेंटिक’ म्हणत.

तिथल्या नवाहो आदिवासींपैकी एका आजींनी आम्हाला त्यांच्या गोल, मातीने लिंपलेल्या घरात डावीकडून फिरत यायला सांगितलं. काका उसळले, “अहो, ही तर प्रदक्षिणा! म्हणजे हे मूळचे आपलेच!” मग तेच त्यांनी आजींनाही इंग्रजीत समजावलं.

आजींनी शांतपणे ऐकलं आणि बादली पुढे केली. “घरचेच आहात, तर मेंढ्यांना पाणी घालून या.”

आम्ही पाहुणे चहा प्यायलो. काका भर उन्हात बादली घेऊन गेले.

परतताना मी जीपमध्ये आजींचा विषय काढला. काकांनी मला हातानेच थांबवलं.

“राहू द्या. तुम्हा टुरिस्ट लोकांना नाही कळायचं ते.”